बीफच्या पाकिटावरचं ‘ग्रास-फेड’ लेबल: तपासतं कोण?
अमेरिकेत बीफच्या पाकिटावर ‘फ्री रेंज’, ‘पाश्चर रेज्ड’, ‘ग्रास-फेड’ असं छापलेलं दिसतं. गुरं खरंच कुरणात चरली का, हे कोण बघतं? कृषी खात्याची एफएसआयएस ही यंत्रणा लेबलला मंजुरी देते, पण उत्पादकाने पाठवलेल्या कागदपत्रांवरून. रँचवर तिचा माणूस जात नाही! ‘ग्रास-फेड’चं सरकारी मानक होतं, तेही २०१६ मध्ये मागे घेतलं गेलं.

‘यूएसडीए ऑरगॅनिक’चे नियम निदान आकड्यांत आहेत: वर्षाला किमान १२० दिवस चराई, त्या काळात किमान ३० टक्के खाद्य कुरणातलं. मात्र कत्तलीआधी गुरं पुष्ट करण्याच्या टप्प्यात ही ३० टक्क्यांची अट लागू नसते. त्यामुळे फक्त गवतावर वाढलेलंच बीफ हवं असेल तर ‘अमेरिकन ग्रासफेड असोसिएशन’चा शिक्का शोधा. दूध सुटल्यापासून धान्य नाही, फीडलॉट नाही, आणि तपासणी प्रत्यक्ष रँचवर.