अंगणातली धावपट्टी

जगात काही वसाहती अशा आहेत, की तेथे घराच्या एका बाजूला मोटारीचा रस्ता असतो आणि दुसऱ्या बाजूला विमानाचा. घराला लागून विमान ठेवण्याची उंच शेड, म्हणजे हँगर असते. वैमानिक सकाळी हँगरचे दार उघडतो, विमान हळूहळू चालवत वसाहतीच्या धावपट्टीवर नेतो आणि तेथून उडतो. अशा वसाहतीला ‘एअरपार्क’ म्हणतात. आपण तिला विमान-वसाहत म्हणू.

भारतीय नागरी विमानोड्डाणाची सुरुवात ज्या शहरांत झाली, त्यांत मुंबईचे नाव अग्रभागी आहे. तरीही गिरगावात, दादरला किंवा परळला अशी वसाहत कधी उभी राहिली नाही. मुंबईत पैसेवाले वैमानिक नव्हते असे नाही. मग अडले कोठे? याचे उत्तर शोधताना थोडा इतिहास आणि थोडी शाळेतली भूमिती, दोन्ही लागतात. या उत्तराचा संबंध विमान कधीही न चालवणाऱ्या लाखो मुंबईकरांच्या घरांशी आहे, म्हणून ते पाहण्यासारखे आहे.

फ्रेस्नोचे रुंद रस्ते

पहिली विमान-वसाहत म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या फ्रेस्नो शहराजवळची ‘सिएरा स्काय पार्क’ ओळखली जाते. तिची सुरुवात १९४६ मधली. हे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. १९३९ मध्ये अमेरिकेत सुमारे ३४ हजार वैमानिक होते. १९४६ पर्यंत त्यांची संख्या चार लाखांवर गेली. युद्धासाठी शिकवलेले हे तरुण घरी परतले तेव्हा त्यांच्या हाती उड्डाणाचे कौशल्य होते, आणि देशात मोकळी जमीन व युद्धकाळात बांधलेल्या धावपट्ट्या मुबलक होत्या. फ्लोरिडातील ‘स्प्रूस क्रीक’ ही आजची प्रसिद्ध विमान-वसाहत नौदलाच्या अशाच एका जुन्या धावतळावर वसली. तेथे आज हजाराहून अधिक घरे आहेत.

सिएरा स्काय पार्कमधले रस्ते नेहमीपेक्षा बरेच रुंद ठेवले गेले. रस्त्यांवरच्या पाट्या आणि टपालपेट्या मुद्दाम बुटक्या केल्या, कारण विमानाचा पंख त्यांच्यावरून सहज गेला पाहिजे. अशा वसाहतीत घर घेणारा माणूस चार भिंतींसोबत धावपट्टीतला वाटाही घेतो. तिच्या डागडुजीसाठी वर्गणी देतो आणि आपल्या अंगणात झाड किती उंच वाढू द्यायचे याचा नियमही पाळतो. धावपट्टी एकाची नसते, सगळ्यांची असते, आणि ती टिकवण्यासाठी प्रत्येकाला आपल्या घरावरच्या आकाशाचा थोडा हक्क सोडावा लागतो. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

गिरणगावचा नियम

कामाच्या यंत्राशेजारी घर, ही कल्पना मुंबईला नवी नाही. लालबाग, परळ, शिवडी, भायखळा या भागाला गिरणगाव म्हणतात ते त्यामुळेच. कामगाराला पायी जाता येईल आणि गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर चाळी उभ्या राहिल्या. १९२० नंतर सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. त्याच या बीडीडी चाळी. एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर.

आता सेसना १७२ हे चार जणांचे लहान विमान घेऊ. विमान शिकवण्याच्या संस्थांत हे नेहमी दिसते. त्याच्या पंखांचा पसारा ११ मीटर आणि लांबी ८.३ मीटर. ते उभे करायला किमान ९१ चौरस मीटरचा आयत लागतो. म्हणजे बीडीडी चाळीतल्या सहा बिऱ्हाडांची जागा एका विमानाला लागेल. मागाशेजारी माणूस राहू शकला, कारण माग जागेवर उभा राहून काम करतो. विमानाला काम करायचे तर आधी धावावे लागते.

शिवाजी पार्क पुरेल का?

किती धावावे लागते? समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सियस तापमानात, पूर्ण वजनाचे सेसना १७२ उडवून १५ मीटर उंचीचा अडथळा पार करायला सुमारे ५०० मीटर लांबी लागते. मुंबईच्या उन्हाळ्यात तापमान ३३ अंशांवर जाते. हवा तापली की विरळ होते. निरपेक्ष तापमान २८८ वरून ३०६ वर गेले, तर हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, पंख्याच्या पात्यांना रेटायला हवा कमी पडते आणि पंखांना मिळणारा आधारही उणावतो. या तिहेरी तोट्यामुळे तेच अंतर ५५० मीटरच्या वर जाते. सुरक्षिततेसाठी काही राखीव लांबी धरली, तर ७०० मीटरची धावपट्टी हा माफक अंदाज ठरेल.

दादरला सर्वांत ओळखीचे मैदान म्हणजे शिवाजी पार्क. त्याच्या भोवतीचा कट्टा सुमारे १.१७ किलोमीटरचा आहे. येथे एक सोपी भूमिती उपयोगी पडते. कोणत्याही मैदानातली सर्वांत लांब सरळ रेषा त्याच्या परिमितीच्या निम्म्यापेक्षा मोठी असू शकत नाही, कारण परिमितीवरून जाऊन परत यायचे असते. म्हणजे शिवाजी पार्क दोऱ्यासारखे बारीक असते, तरीही त्याची लांबी ५८५ मीटरच भरली असती. प्रत्यक्षात मैदान चांगले रुंद आहे, त्यामुळे सर्वांत लांब रेषा ५०० मीटरलाही पोहोचत नाही. दादरचे सर्वांत मोठे मैदान एका लहान विमानालाही अपुरे पडते.

न दिसणारे छत

जमीन कशीबशी मिळाली असे समजू. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या प्रचलित मापदंडांत प्रत्येक धावपट्टीभोवती काही काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात. इमारत, झाड किंवा खांब त्यांच्या वर डोके काढता कामा नये, असा त्यांचा हेतू. ८०० मीटरपेक्षा आखूड आणि केवळ नजरेने उतरण्याच्या धावपट्टीसाठी हे आकडे सर्वांत सौम्य आहेत. धावपट्टीच्या टोकापलीकडे ३० मीटरवर एक उतरंड सुरू होते. ती दर २० मीटरला एक मीटर चढते. म्हणजे विमान येण्याच्या वाटेवर १५ मीटर उंचीची तीन मजली चाळ असेल, तर ती या उतरंडीच्या सुरुवातीपासून ३०० मीटर तरी दूर हवी. याखेरीज धावपट्टीभोवती २ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ४५ मीटर उंचीवर एक सपाट छत कल्पिलेले असते.

या वर्तुळाचे क्षेत्रफळ ‘पाय आर वर्ग’ने काढा: ३.१४ गुणिले ४, म्हणजे सुमारे १२.६ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतचे मुंबई बेट सुमारे ६८ चौरस किलोमीटरचे. वर्तुळ पूर्ण जमिनीवर पडले, तर बेटाचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्याखाली येईल. २०११ च्या जनगणनेत बेटावर सुमारे ३१ लाख लोक होते. सरासरीने पाहिले, तर साडेपाच लाखांहून अधिक माणसांच्या डोक्यावर हे छत येते. तेही समजा, वीस-तीस वैमानिकांच्या एका वसाहतीसाठी.

४५ मीटर म्हणजे सुमारे १५ मजले. चाळीवर याचा काय परिणाम? ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, ४० मजली इमारतीत. जमीन तेवढीच राहून प्रत्येकाचे घर तिपटीने वाढले, ते उंचीमुळे. डोक्यावर १५ मजल्यांचे छत असते, तर हा हिशेब जुळला नसता. दाट शहरात आकाश हीसुद्धा राहण्याची जमीन असते.

जुहू: आधी विमान, मग घरे

हे छत मुंबईच्या उपनगरांत प्रत्यक्षात आहे. १९२८ मध्ये जुहूला धावतळ झाला, तेव्हा तो शहराबाहेर, समुद्रालगतच्या दलदलीच्या जमिनीवर होता. बॉम्बे फ्लाइंग क्लब तेथेच सुरू झाला. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन त्यांचे ‘पस मॉथ’ विमान उतरले ते जुहूलाच. पावसाळ्यात हे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची टपालसेवा पुण्याहून चाले. गिरगावात राहणाऱ्याला जुहू सुमारे २० किलोमीटर लांब. विमान आणि घर यांची ताटातूट मुंबईत पहिल्यापासूनची आहे.

पुढे जवळच सांताक्रूझला महायुद्धाच्या काळात लष्करी धावतळ वापरात आला आणि १९४८ मध्ये नागरी वाहतूक तेथे गेली. दोन धावतळ इतके जवळ आणि त्यांच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशाही जवळपास सारखी. त्यामुळे जुलै १९५३ मध्ये एक ‘कॉमेट’ आणि सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे एक ‘डीसी-८’ सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

दरम्यान शहर उत्तरेकडे सरकत होते. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर येथे घरे धावपट्टीला येऊन भिडली. विमानाच्या वाटेखालच्या पट्ट्याला आता सगळे ‘फनेल झोन’ म्हणतात; फनेल म्हणजे नरसाळे. तेथील जुन्या इमारती मोडकळीला आल्या, तरी पुनर्बांधणी रखडते. उंची वाढवता येत नाही, म्हणून विकायला जादा घरे निघत नाहीत आणि बिल्डर पुढे येत नाही. हा नियम जाचक वाटतो, पण निराधार नाही. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक छोटे विमान घाटकोपरच्या वस्तीत कोसळले. विमानातले चार जण आणि रस्त्यावरचा एक वाटसरू मरण पावला.

विमान-वसाहतीत आणि फनेल झोनमध्ये फरक आहे तो हा. फ्रेस्नोच्या घरमालकाने आकाशाचा हक्क समजून-उमजून सोडला आणि बदल्यात धावपट्टी मिळवली. पार्ल्याच्या भाडेकरूने तेवढाच हक्क गमावला, पण त्याच्या वाट्याला फक्त आवाज आला.

विमानांशी बांधलेली वसाहत मुंबईत एकच प्रकारची झाली: नोकरीसोबत मिळणारी घरे. कालिन्याला एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत होती. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे गेली आणि त्यानंतर रहिवाशांना घरे रिकामी करायला सांगण्यात आले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण चाळीतली माणसे भाडेकरूच्या हक्कामुळे तेथेच राहू शकली. घर कामाच्या शेजारी असणे आणि घर कामाला बांधलेले असणे, यांतला भेद येथे दिसतो.

गच्चीवरचे विमान

मग मुंबईच्या वैमानिकाने काय करावे? काहींनी पाण्याकडे पाहिले. ९ डिसेंबर २०१७ रोजी स्पाइसजेट कंपनीने गिरगाव चौपाटीसमोर समुद्रावर उतरणाऱ्या विमानाचे प्रात्यक्षिक केले. पाण्याची धावपट्टी बांधावी लागत नाही, हे खरे. परंतु पावसाळ्यातल्या लाटा आणि धातूला खाणारे खारे पाणी यांचा बंदोबस्त करावा लागतो.

कॅप्टन अमोल यादव यांनी दुसरी वाट धरली. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असताना त्यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान तयार केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उड्डाण-चाचणीची परवानगी मिळाली. विमान आणि घर इतके जवळ आल्याचे दुसरे उदाहरण या शहरात आम्हाला ठाऊक नाही. पण ते उडवण्यासाठी न्यावे लागले धुळ्याला, तीनशेहून अधिक किलोमीटरवर. बॉम्बे फ्लाइंग क्लबनेही आपले उड्डाण-प्रशिक्षण धुळ्यालाच नेले. तेथे धावपट्टी आहे, आणि तिच्या भोवतीचे आकाश अजून मोकळे आहे.

महाराष्ट्रात विमान-वसाहत कधी व्हायचीच असेल, तर ती अशाच ठिकाणी होईल. मात्र आज जेथे माळ आहे, तेथे उद्या गाव वाढणार. १९२८ मध्ये जुहूलाही माणसे तुरळकच होती. म्हणून धावपट्टी आखताना तिच्याभोवतीचे दोन किलोमीटरचे वर्तुळ गावकऱ्यांना नकाशावर आधीच दाखवले पाहिजे आणि त्याखाली कोणाचे काय जाणार आहे, हे त्यांच्याशी बोलून ठरवले पाहिजे.

हा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. शाळेच्या मैदानाची परिमिती मुलांना पावलांनी मोजू द्यावी आणि सर्वांत लांब रेषेची मर्यादा काढायला सांगावे. मग गावाच्या नकाशावर शाळा मध्यबिंदू धरून दोन किलोमीटरचे वर्तुळ काढावे, आणि त्यात कोणाकोणाची घरे येतात त्यांची यादी करायला लावावी.