रंगभूमीवर मेला, ट्युनिसमध्ये जगला

इतिहासाचं पुस्तक हातात घेतलं की मी आधी एक गोष्ट तपासतो. परक्या मुलखाविषयी लिहिणारा माणूस तिथं कधी गेला होता का? जॉन वार्डची गोष्ट वाचल्यापासून मात्र एवढी तपासणी मला पुरेशी वाटत नाही.

वार्ड इंग्लंडच्या केंट परगण्यातला खलाशी. 1604 साली पहिल्या जेम्स राजानं स्पेनशी तह केला आणि शत्रूची जहाजं लुटण्याचा सरकारी परवाना बंद झाला. युद्धावर पोसलेले शेकडो खलाशी बेकार झाले. त्यांतले काही चाचेगिरीकडे वळले. वार्डनं ट्युनिस गाठलं, तिथल्या उस्मान देच्या आश्रयानं व्हेनिसची श्रीमंत जहाजं लुटली. त्यानं राजाकडे माफीही मागून पाहिली, ती मिळाली नाही. पुढं त्यानं इस्लाम स्वीकारला.

लंडनमध्ये ही बातमी खपली. रॉबर्ट डेबोर्ननं त्यावर नाटक लिहिलं, ते 1612 साली छापलं गेलं. त्यात वार्ड एका तुर्की स्त्रीच्या मोहापायी धर्म बदलतो. शेवटी पस्तावतो आणि आत्महत्या करतो. धर्मांतराच्या मूकदृश्यात तर प्रेषितांच्या मस्तकाची प्रतिमा मिरवली जाते! इथं मी थबकलो. ज्या धर्मात मशिदीत चित्रही लावत नाहीत, त्याच्या अनुयायांना डेबोर्ननं मूर्तीमागं चालवलं. मुसलमान होण्यासाठी कलमा पढावा लागतो, एवढंच. पण त्यात प्रेक्षकांना दाखवण्यासारखं काय होतं?

गंमत अशी, की नाटकात मेलेला वार्ड प्रत्यक्षात जिवंत होता. काही वर्षांनी विल्यम लिथगो हा स्कॉटिश प्रवासी ट्युनिसला गेला. वार्डच्या संगमरवरी वाड्यात तो अनेकदा जेवला. म्हाताऱ्या वार्डनं त्याच्या पुढच्या प्रवासाची सोयही करून दिली.

म्हणजे लिथगो खरा आणि डेबोर्न खोटा? इतकं सोपं नाही. लिथगो तिथं गेला होता, तरी इस्लामविषयी त्यानं कडवटच लिहिलं. 1620 साली स्पेनमधल्या मालागा शहरात त्याला हेर समजून पकडण्यात आलं आणि त्याचे हाल हाल करण्यात आले. हाल करणारे ख्रिस्ती होते. त्या कोठडीत एक तुर्की गुलाम त्याला चोरून मनुका आणि अंजिरं आणून देत असे. हेही लिथगोनंच लिहून ठेवलं आहे.

एकाच पुस्तकात धर्माविषयीचा द्वेष आहे आणि त्या धर्माच्या एका माणसाविषयी कृतज्ञताही. प्रवासानं लिथगोची मतं बदलली नाहीत. पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि हाताने खाल्लेलं त्यानं लपवलं नाही, मतांशी जुळत नसूनही कागदावर उतरवलं.

म्हणून आता मी तपासणीत दुसरा प्रश्न जोडला आहे. लिहिणाऱ्यानं आपल्या मताविरुद्ध जाणारं काही नोंदवलं आहे का? आणि हा प्रश्न फक्त इंग्रजांना विचारून चालणार नाही. 'ते लोक असेच' असं माझ्या लेखणीतून उतरू लागतं, तेव्हा तो मला स्वतःलाही विचारावा लागतो.