यादीत नसलेला चमचा

बारामती लोकसभा मतदारसंघात, म्हणजे इंदापूर तालुक्यातही, राष्ट्रीय वयोश्री योजनेची शिबिरं झाली. आजी-आजोबांना काठ्या, चष्मे, श्रवणयंत्रं मिळाली. २०१७ साली सुरू झालेल्या या योजनेच्या मूळ यादीत आठ प्रकारची साधनं होती. त्यात कवळी होती. घास तोंडापर्यंत नेणारा चमचा मात्र नव्हता.

असा चमचा आपल्याकडे नवा नाही. तो आला कुष्ठरोग्यांच्या हातांमुळे. अमरावतीचं तपोवन १९४६ चं, वरोऱ्याचं आनंदवन १९४९ चं. त्याच काळात, १९४६ साली, डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटं सडून झडतात, असं तेव्हा मानलं जाई. ब्रँड यांनी दाखवून दिलं की नसा बधिर झाल्यानं चटका कळत नाही, जखम कळत नाही आणि त्यातूनच बोटं जातात. वाकलेल्या बोटांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. पण शस्त्रक्रियेनंतरही स्पर्श परत येत नाही. म्हणून साधनंच हाताजोगी करावी लागली: न तापणारी लाकडी मूठ, चमच्याला जाड दांडा. पुढे इपॉक्सीची लगदी आली. ती दांड्याला लावायची, रुग्णानं मऊ असताना धरायची. घट्ट झाली की मूठ त्याच्याच पकडीच्या मापाची.

आज कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को कुष्ठरोगबाधितांसाठी रोजच्या वापराच्या साधनांचा संच बनवते. वयोश्रीची साधनं पुरवणारीही अलिम्कोच. कंपनी एकच, याद्या वेगळ्या.

वृद्धाश्रमातल्या हातांची अडचण वेगळी असली, तरी ताटापाशी ती तिथंच येऊन थांबते. पार्किन्सनमध्ये हात कापतो, संधिवातात चिमूट जमत नाही, अर्धांगवायूनंतर एकाच हातानं भाकरी मोडायची असते. भरवलं की जेवण लवकर उरकतं. पण रोज दुसऱ्याच्या हातून जेवणाऱ्याचा हात उरलासुरला सरावही विसरतो, आणि अजून थोडं वाढा म्हणायचाही संकोच वाटू लागतो.

उपाय साधे आहेत. आमटीत कुस्करलेली भाकरी जाड मुठीच्या चमच्यानं खाता येते. उंच काठाच्या ताटातून घास बाहेर सांडत नाही. खाली ओलं फडकं टाकलं की ताट सरकत नाही.

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून पासष्टीपुढच्या पात्र नागरिकांच्या खात्यात ३,००० रुपये जमा होतात. त्यात काठी येते, चष्मा येतो. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचं रबर चढवायला तर त्यातले थोडेच पुरतील. पण त्याआधी आजोबा जेवायला बसले की कुणीतरी त्यांच्या हाताकडे बघायला हवं.