वाढत्या वयाचा मेंदू आणि हललेलें डोकें

मूल जसजसें मोठें होतें, तसतसें तें स्वस्थ बसावयास शिकतें, हें प्रत्येक घरांत दिसणारें सत्य आहे. या साध्या सत्याकडे पुरेसें लक्ष न दिल्यामुळें मेंदूशास्त्रांतील एक गाजलेला सिद्धांत कसा डळमळला, हा इतिहास मनोरंजक तसाच उद्बोधकही आहे.

त्याचा आरंभ १९९५ सालचा. अमेरिकेंतील मिलवॉकी येथें भरत बिस्वाल व त्यांचे सहकारी यांना असें आढळलें कीं, मनुष्य एम्. आर्. आय्. यंत्रांत कांहींएक न करतां पडून असतांही, हातांची हालचाल चालविणारे मेंदूच्या दोन्ही बाजूंचे भाग एकाच लयींत मंद चढउतार करीत असतात. हे चढउतार रक्तांतील प्राणवायूच्या प्रमाणावरून टिपले जातात. ज्या भागांची लय जुळते त्यांचा कार्यसंबंध असतो असें मानून, अशा संबंधांचीं जाळीं आखण्याचा उद्योग सुरू झाला.

सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत डेमियन फेअर प्रभृतींनीं ही रीत मुलांना लावली. ७ ते ९ वर्षांच्या मुलांचीं जाळीं प्रौढांच्या जाळ्यांशीं ताडून २००९ सालापर्यंत त्यांनीं असें मांडलें कीं, बालपणीं शेजारशेजारच्या भागांचे संबंध बळकट असतात. पुढें ते सैल होऊन दूरच्या भागांचे संबंध दृढ होतात. गल्लींतला शेजार सुटावा आणि परगांवच्या पेढ्यांशीं व्यवहार जडावा, तसाच हा प्रकार.

पण यंत्रांत मुलें चुळबुळ करतात! २०१२ सालीं त्याच विद्यापीठांतील जोनाथन पॉवर प्रभृतींनीं दाखवून दिलें कीं, डोकें एक मिलिमीटरहून कमी हललें तरी चित्रांतील शेजारच्या बिंदूंत सारखाच बिघाड होतो. त्यामुळें जवळचे संबंध खोटेच बळकट भासतात आणि दूरचे दुर्बळ. बालमेंदूचें म्हणून जें लक्षण सांगितलें, नेमकें तेंच चुळबुळीचेंही लक्षण ठरलें. विशेष हें कीं, पॉवर, श्लॅगर व पीटरसन हे या निबंधाचे लेखक २००९ सालच्या निबंधाचेही सहलेखक होते. हार्वर्ड व पेनसिल्व्हानिया येथूनही त्याच वर्षीं असाच इशारा आला.

मग सारेंच पाण्यांत गेलें काय? नाहीं. २०१३ सालीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील थिओडोर सॅटरथ्वेट प्रभृतींनीं मुलें व तरुण यांच्या मोठ्या समुदायाचीं चित्रें हालचालीचा दोष कसोशीनें काढून तपासलीं. अंतराशीं निगडित असलेला फरक पुष्कळच ओसरला. परंतु दुसरी गोष्ट टिकली. वयाबरोबर एकाच जाळ्यांतील भागांचे संबंध वाढतात, निरनिराळ्या जाळ्यांमधील घटतात, आणि प्रत्येक जाळें आपल्या कामापुरतें वेगळें होत जातें.

आज मुलांच्या चित्रांत हालचालीचें मोजमाप आधीं पाहतात. चुळबुळ्या मुलाचा मेंदू उगाच अपक्व म्हणून नोंदला जाऊं नये, ही सावधगिरी शास्त्राला या प्रकरणानें शिकविली. आणि ती शिकविण्यांत, ज्यांची कीर्ति पणाला लागली होती तेच पुढें होते.