यूडेव्हची कुळकथा

लिनक्स सर्व्हरवर ‘टॉप’ चालवावा आणि पडदाभर एकाखाली एक यूडेव्हडीच दिसावा, हा प्रकार आमच्या धंद्यात नवा नाही. प्रत्येक पिढीने तो पाहिला, फक्त त्याचं नाव दर वेळी वेगळं होतं. रात्रपाळीवरची मुलं-मुली अशा वेळी फोन करून एकच विचारतात, “मॅडम, किल करू का?” मी नाही म्हणते. यूडेव्हडी हा सांगकाम्या आहे. उपकरण आलं, गेलं किंवा त्याच्यात काही बदललं की कर्नल त्याला कळवतो. मग हा नियमांच्या फायली पाहून उपकरणाला नाव देतो, परवानग्या लावतो, गरज असेल तर ड्रायव्हर चढवायला लावतो. तो धावत सुटला असेल, तर कोणीतरी त्याला धावायला लावतंय. ते कोण, हे शोधण्याआधी हा सांगकाम्या मुळात का नेमावा लागला ते ठाऊक हवं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून नव्या माणसाला मी आज्ञा शिकवण्याआधी ही हकीकत सांगते.

सुरुवात न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जची. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचताना ठरवलं, की टेप असो, डिस्क असो वा टर्मिनल, प्रोग्रामला ते फाईलसारखंच दिसलं पाहिजे. जुलै १९७४ च्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मधल्या त्यांच्या लेखात या विशेष फायलींसाठी स्वतंत्र भाग आहे. त्या राहतात ‘डेव्ह’ नावाच्या डिरेक्टरीत. तिथल्या फाईलमध्ये मजकूर नसतो, दोन आकडे असतात: मेजर सांगतो ड्रायव्हर कोणता, मायनर सांगतो त्या ड्रायव्हरचं कितवं उपकरण. ‘एमकेनॉड’ ही आज्ञा देऊन ॲडमिनने ती फाईल हाताने बनवायची. खोलीत मशीन एक, डिस्का वर्षानुवर्षं एकाच जागी. एकदा नाव दिलं की काम संपलं. इतकी साधी आणि इतकी टिकलेली कल्पना आमच्या क्षेत्रात दुसरी नाही, असं मला आजही वाटतं.

लिनक्सने ती जशीच्या तशी उचलली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यात आम्ही ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स बसवायचो. ‘डेव्ह’मध्ये ‘एलएस’ केलं की यादी पडद्यावरून सरकतच राहायची. मशीनमध्ये डिस्क एक, पण आयुष्यात कधी लागणार नाहीत अशा डिस्कांच्या, टेपच्या, सिरियल पोर्टांच्या फायली आधीच करून ठेवलेल्या. ‘मेकडेव्ह’ नावाची स्क्रिप्ट त्या बनवत असे. २००३ च्या रेड हॅट ९ मध्ये अशा १८,००० हून जास्त नोंदी होत्या.

फायलींची गर्दी सोसता आली असती. आकडे मात्र संपत आले होते. मेजरला ८ बिट, मायनरला ८ बिट. स्कझी डिस्कला प्रत्येकी १६ मायनर लागत: एक पूर्ण डिस्कसाठी, १५ पार्टिशनांसाठी. म्हणजे एका मेजरमध्ये १६ डिस्का. ८ आणि ६५ ते ७१ असे आठ मेजर दिल्यावरही एकूण १२८. बँकांना आणि टेलिफोन कंपन्यांना मोठी स्टोअरेज कॅबिनेटं लिनक्सला जोडायची होती आणि इथे १२८ वर कुंपण. हे आकडे वाटण्याची वही एच. पीटर ॲन्विन सांभाळत.

त्याहून घातक गोष्ट नावांची. ज्या क्रमाने डिस्क सापडेल त्या क्रमाने एसडीए, एसडीबी, एसडीसी. मधली एक डिस्क काढून मशीन चालू केलं की कालची एसडीसी आज एसडीबी. माउंटच्या यादीत जुनंच नाव लिहिलेलं असेल, तर काय कुठे माउंट होईल याचा भरवसा नाही. आज कोणी विचारतं, की नाव द्यायला एवढी यंत्रणा कशाला? हे त्याचं उत्तर आहे.

पहिला मोठा उपाय रिचर्ड गूच यांचा, ‘डेव्हएफएस’. २००० च्या सुरुवातीला तो २.३.४६ या विकास-आवृत्तीत आला. उपकरण असेल तरच फाईल दिसेल, आणि ती कर्नलच बनवेल. कल्पना चोख होती, पण नावं कशी असावीत हेही कर्नलमध्येच पक्कं झालं होतं आणि ती नावं लांबच लांब होती. शिवाय एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या की त्याचा तोल जायचा; त्या चुका वर्षानुवर्षं पूर्ण निस्तरल्या नाहीत. २००६ मध्ये २.६.१८ मधून तो काढून टाकला. गूच यांच्यावर तेव्हा झालेली टीका मला आज जरा जास्तच कठोर वाटते. त्याचं कारण पुढे येईल.

मधल्या काळात यूएसबी आलं. चालत्या मशीनला वस्तू लागू आणि निघू लागल्या. २.४ कर्नलने त्यावर सोपा मार्ग काढला: दर घटनेला ‘हॉटप्लग’ नावाचा एक प्रोग्राम चालवायचा. पेनड्राइव्हसाठी हे ठीक. पण फायबर चॅनलच्या कार्डाला एका दमात शेकडो डिस्का दिसल्या तर? कर्नल शेकडो स्क्रिप्ट एकदम सोडणार. वर त्यांचा क्रमही ठरलेला नाही. ‘गेलं’ची स्क्रिप्ट ‘आलं’च्या आधी संपू शकते. ज्या दुखण्याचा हा लेख आहे त्याचं पहिलं रूप हेच. पुढे प्रत्येक घटनेला क्रमांक देऊन त्याला आवर घातला गेला.

जुलै २००३ मध्ये ऑटावाच्या लिनक्स सिंपोझियममध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘यूडेव्ह’ मांडला. तेव्हा ते आयबीएममध्ये होते. रेड हॅटमधल्या त्या १८,००० नोंदींचा दाखला त्यांच्याच निबंधातला. पॅट्रिक मोशेल यांच्या ‘सिसएफएस’मुळे प्रत्येक उपकरणाची माहिती आता कर्नलबाहेर वाचता येत होती. म्हणून क्रोआ-हार्टमन यांचं म्हणणं असं, की कर्नलने फक्त घडलं ते सांगावं, नाव काय द्यायचं ते बाहेरचा प्रोग्राम ठरवेल. सीरियल नंबरवरून, लेबलवरून, कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून, ज्याला जसं हवं तसं. त्याच २.६ मालिकेत आकड्यांची टंचाईही संपली: मेजरला १२ बिट, मायनरला २०. नंतर के सीव्हर्स यांनी यूडेव्ह पुढे नेला. कर्नलच्या घटना थेट नेटलिंक सॉकेटवर येऊ लागल्या आणि त्या झेलायला एक कायमचा डीमन बसला. तोच आपला यूडेव्हडी.

हा डीमन स्वतः थोडंच करतो. घटना आली की कामगार-प्रोसेस सोडतो. किती सोडायच्या ते प्रोसेसरांच्या संख्येवरून आणि मेमरीवरून ठरतं, म्हणून मोठ्या सर्व्हरवर कामगार शेकड्यांनी निघू शकतात. इथे मी नव्या माणसाला थांबवते आणि विचारते: लोड जास्त आहे की सीपीयू? लिनक्सच्या लोडच्या आकड्यात डिस्कच्या उत्तराची वाट पाहत गोठलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. लोड चारशेच्या वर आणि सीपीयू जवळजवळ रिकामा, अशी मशीनं मी पाहिली आहेत. तिथे यूडेव्हडी पिसाळलेला नसतो, अडकलेला असतो. स्टोअरेजचा एखादा मार्ग मेलेला असतो आणि प्रत्येक कामगार त्याच मेलेल्या डिस्कचं लेबल वाचायला जाऊन तिथेच उभा राहतो. किल करून ते मरतही नाहीत, कारण ते कर्नलच्या आत अडकलेले असतात. अशा वेळी फोन स्टोअरेजवाल्यांना करायचा.

सीपीयू खरोखर जळत असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिचं मूळ एका चांगल्या हेतूच्या नियमात आहे. डिस्कवर नवी फाईलसिस्टम घातली की लेबल बदलतं, पण कर्नलला त्यातलं काही कळत नाही. मग लेबलावरून दिलेली नावं शिळी होतात. म्हणून यूडेव्हमध्ये ‘वॉच’ आला. आयनोटिफायच्या मदतीने तो डिस्कवर नजर ठेवतो: कोणी ती लिहिण्यासाठी उघडून बंद केली, की ‘बदल झाला’ अशी घटना मुद्दाम उठवायची आणि सगळे नियम पुन्हा चालवायचे. प्रत्यक्ष एक अक्षरही लिहिलेलं नसलं तरी! उघडण्याचा प्रकार तेवढा पुरतो. आता एखाद्या नियमाने बोलावलेला प्रोग्राम स्वतःच डिस्क लिहिण्यासाठी उघडत असेल, तर तो बंद होताच नवी घटना, तिच्यासाठी पुन्हा तोच प्रोग्राम, पुन्हा घटना. याला शेवट नाही.

नवी मुंबईतल्या एका डेटाबेस सर्व्हरवर आम्हाला याचा भाऊबंद भेटला. शेकडो लन, म्हणजे स्टोअरेजने दिलेल्या डिस्का, प्रत्येकाला चार मार्ग, वर ते मार्ग एकत्र बांधणारा मल्टिपाथ. ठराविक अंतराने यूडेव्हडी उसळायचा, शांत व्हायचा, पुन्हा उसळायचा. सगळ्यांचा संशय कर्नलच्या अपग्रेडवर. येणाऱ्या घटना दाखवणारा ‘यूडेव्हॲडम मॉनिटर’ मी लावला आणि नुसती पाहत बसले. ‘आलं’ नाही, ‘गेलं’ नाही. फक्त ‘बदल’, ‘बदल’, ‘बदल’, प्रत्येक डिस्कसाठी ओळीने. एवढ्यावरून हार्डवेअर निर्दोष सुटलं. मग एका डिस्कच्या फाईलवर ऑडिटचा पहारा लावला, तेव्हा उघडणाऱ्याचं नाव मिळालं: देखरेखीसाठी बसवलेला एक एजंट, जो आकार पाहण्यासाठी प्रत्येक डिस्क वाचन-लेखन अशा दोन्ही हक्कांनी उघडत होता. वाचनाचा हक्क पुरला असता. डेटाबेसच्या डिस्कांना ‘नोवॉच’चा नियम लावला, एजंटच्या विक्रेत्याला लिहिलं आणि यूडेव्हडी गप्प झाला.

मॉनिटरवर ‘आलं-गेलं’ची जोडी सतत दिसत असेल तर बहुधा दुसरा पाहुणा असतो. कंटेनरच्या काळात प्रत्येक कंटेनरला नेटवर्कच्या आभासी कार्डांची जोडी मिळते. एखादा कंटेनर सुरू होऊन लगेच कोसळत असेल आणि कोणी त्याला पुन्हा पुन्हा उठवत असेल, तर दर वेळी ती कार्डं जन्मतात आणि मरतात. यूडेव्हडी प्रत्येकाचं बारसं आणि बारावं दोन्ही करतो. दुरुस्त कंटेनर करायचा.

वाट किती वेळ पाहायची, हाही भांडणाचा विषय झाला. २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टमडीत विलीन झाला. त्याच वर्षी असं दिसलं, की ड्रायव्हर चढताना फर्मवेअर मागतो, ते द्यायचं यूडेव्हने, आणि यूडेव्ह थांबलेला त्याच ड्रायव्हरचं चढणं पुरं होण्यासाठी. दोघं एकमेकांची वाट पाहत मुदत संपेपर्यंत बसलेले. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी संतापून यूडेव्हच्या राखणदारांना जाहीर सुनावलं आणि ३.७ पासून कर्नल फर्मवेअर स्वतःच डिस्कवरून वाचू लागला. पुढे मोठ्या सॅस कार्डांना सगळ्या डिस्का शोधायला कामगाराच्या ३० सेकंदांच्या मुदतीहून जास्त वेळ लागू लागला, आणि यूडेव्हडी ड्रायव्हर चढवणारी प्रोसेसच मारून टाकू लागला. आज ही मुदत १८० सेकंद आहे.

आता गूच यांच्याकडे परत. डिसेंबर २००९ च्या २.६.३२ मध्ये ‘डेव्हटीएमपीएफएस’ आला. तोही सीव्हर्स यांच्याच पुढाकाराने. त्यात उपकरणाची मूळ फाईल पुन्हा कर्नलच बनवतो. यूडेव्हकडे जोडनावं आणि परवानग्या उरल्या. डेव्हएफएसला हाकलून दिल्यावर तीन वर्षांनी त्याचा गाभा, या वेळी साध्या नावांसकट, घरात परत घेतला. गूच यांची दिशा चुकलेली नव्हती, असं मी त्यामुळेच म्हणते. रात्री तीन वाजता डेव्हटीएमपीएफएसचा थेट उपयोग होतो: चालत्या सर्व्हरवर यूडेव्हडीची रांग ‘यूडेव्हॲडम कंट्रोल’ने काही वेळ थांबवली, तरी डिस्कांच्या फायली जागच्या हलत नाहीत. डेटाबेस चालू राहतो, आणि तपासाला शांतता मिळते.

त्या वॉचवरही आता रीतसर तोड आहे. डिस्कवर काम करणाऱ्या प्रोग्रामने आधी पूर्ण डिस्कवर ‘फ्लॉक’चं एकाधिकार कुलूप लावावं, ते असेपर्यंत यूडेव्हडी तिकडे फिरकत नाही, निघालं की नव्याने वाचतो. मे २०२२ च्या सिस्टमडी २५१ मध्ये त्यासाठी ‘यूडेव्हॲडम लॉक’ ही आज्ञाच आली. पार्टिशन करणाऱ्या आमच्या सगळ्या स्क्रिप्ट मी तिच्याखाली आणल्या आहेत. जुन्या वितरणांवर, जिथे ही आज्ञा नाही, तिथे तेच काम थेट ‘फ्लॉक’ करतो.