‘आपला आज्ञाधारक’ : पंडिता रमाबाईंच्या सेवाधर्माविषयी काही विचार

शाळेच्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ हे शब्द असतात. सुरत शहराच्या बमरोली भागात मराठी मुलांना शिकविण्यात आमची बरीच वर्षे गेली. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत कामासाठी आलेल्या कुटुंबांतील ही मुले. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती व हिंदी, वर्गात पुस्तकी मराठी, अशा तिहेरी ओढाताणीत त्यांचे शुद्धलेखन पुष्कळदा डळमळते. परंतु अर्जाच्या शेवटचे हे तीन शब्द मात्र सहसा कोणी चुकत नाही. काही वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाने हे शब्द लिहिण्यास नकार दिला. वर्गातील मोडतोडीबद्दल त्याच्याकडून माफीपत्र मागितले होते. ‘मी काही मोडले नाही’ एवढेच तो म्हणत राहिला. आम्ही दटावून त्याच्याकडून पत्र लिहवून घेतले. दोष त्याचा नव्हता हे आठ दिवसांनी कळले. त्याने आम्हांस दोष दिला नाही. पण आज्ञाधारक कोणास म्हणावे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून राहिला आहे.

प्रार्थना आणि आज्ञापालन यांच्या द्वारे नित्याच्या जीवनात ईश्वराची सेवा करावी, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत कल्पना आहे. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नव्हे. तथापि ही कल्पना मराठी मुलखात एका व्यक्तीने जितक्या कसोशीने जगून पाहिली, तितकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी लिहिताना कोणी त्यांना बंडखोर ठरवितात, तर कोणी भक्त. आमच्या मते ही दोन वर्णने एकमेकांस छेदणारी नाहीत. बंड आणि आज्ञापालन त्यांच्या ठायी एकाच मुळातून उगवलेले दिसतात, आणि ते मूळ शोधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने मुलीला. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हे कुटुंब हिंडत असे. व्रते, उपवास, दाने, अनुष्ठाने यांत शास्त्राने सांगितलेले काही करावयाचे त्यांनी ठेवले नव्हते. जवळची पुंजी धर्मकृत्यांत सरली आणि दुष्काळ आला. १८७४ साली आईवडील अन्नान्न दशेत निवर्तले. भाऊ श्रीनिवासशास्त्री याच्यासह रमाबाई पायी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. पण भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या तरुणीची जुन्या आचारावरील श्रद्धा वाटेतच गळून पडली होती. ज्यांनी प्रत्येक आज्ञा पाळली, त्यांना उत्तर मिळाले नाही. आज्ञा पाळली एवढ्यानेच ईश्वर सापडतो असे नाही, हा धडा त्या वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी शिकल्या होत्या.

पुढे बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना हा वृत्तांत वाचकांस परिचित आहेच. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. वाँटेजचा मठ अँग्लिकन पंथाच्या भगिनींचा होता. वरिष्ठांच्या आज्ञेत राहण्याची शपथ हा तेथील जीवनाचा पायाच होता. रमाबाईंच्या आध्यात्मिक माता म्हणून नेमलेल्या सिस्टर जेराल्डीन यांची साहजिक अपेक्षा अशी की, नव्या शिष्येने धर्ममंडळाचा निर्णय निमूटपणे मानावा. येथेच ठिणगी पडली. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवाव्यात की नाही, असा प्रश्न निघाला. ते उचित नव्हे, असा अभिप्राय हिंदुस्थानातील बिशपांकडून आला. रमाबाईंनी तो मानला नाही. भारतीय पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर दुसरे तसेच जू घेण्यास आपण तयार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिनच का, संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. १९७७ साली हा सारा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा रमाबाईंची ही बाजू वाचकांसमोर सविस्तर आली.

या प्रकरणात आम्हां शिक्षकांचे लक्ष वेधून घेणारी व्यक्ती म्हणजे चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील. रमाबाईंच्या शंका त्यांनी उद्धटपणात जमा केल्या नाहीत. त्यांवर दीर्घ पत्रे लिहून विचारविनिमय केला. शंका विचारणारा विद्यार्थी आज्ञाभंग करीत नसतो, तो उत्तर मागत असतो, हा भेद त्या ओळखून होत्या. आम्ही तो आठ दिवस उशिरा ओळखला.

तर मग रमाबाईंनी आज्ञा मानली ती कोणाची? याचे उत्तर त्यांच्या ग्रंथांपेक्षा केडगावच्या माळरानावर अधिक स्पष्ट मिळते. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून दौंडजवळ केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची व्यवस्था करण्यात आली. तेथेच १८९८ मध्ये मुक्ती सदनाच्या इमारती उभ्या राहिल्या. याच धामधुमीत, १८९७ मध्ये, प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून चव्हाट्यावर आणली. मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, म्हणून मौन पाळणे त्यांच्या आज्ञापालनात बसत नव्हते.

आणि मग आला विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ. आमच्या गुजरातेत आजही जुन्या बोलण्यात ‘छप्पनियो’ या नावाने त्याचा उल्लेख होतो. इसवी सनाच्या हिशेबाने हे १८९९-१९०० साल. आपल्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रियांना रमाबाईंनी गुजरातेत धाडले, आणि हजाराहून अधिक मुली व स्त्रिया केडगावला आणल्या. ज्या प्रांतातून आज आम्ही हे लिहीत आहो, तेथील मुलींना महाराष्ट्रातल्या एका खेड्यात आसरा मिळाला. आणि त्याच महाराष्ट्रातील खानदेशची मुले आज भाकरीच्या शोधात आलेल्या आईबापांबरोबर सुरतेत शिकत आहेत. भुकेचे रस्ते असे दोन्ही दिशांनी वाहतात. केडगावी राहणाऱ्यांची संख्या लवकरच दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार जिवांचा संसार म्हणजे काय, हे ज्याने कधी शंभर मुलांचे वसतिगृह चालविले असेल त्यासच कळेल. निश्चित उत्पन्नाची हमी नाही. प्रार्थना आणि येणाऱ्या देणग्या यांवरच भिस्त. पण प्रार्थना झाली की हात कामाला लागत. विहिरी, शेती, गुरे, विणकाम, तेलाचा घाणा, पिठाची गिरणी, छापखाना ही कामे मुली शिकत. अंध स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था होती. ब्रेल लिपी मनोरमाबाईंनी स्वतः शिकून त्यांना शिकविली. १९०५ साली केडगावात सामुदायिक प्रार्थनेची मोठी लाट उसळली व तिचा बोलबाला परदेशांतही झाला. आम्हांस मात्र त्या लाटेहून रोजचा घाणा आणि रोजची गिरणी यांचे मोल अधिक वाटते. सावता माळ्याचा मळा ज्यांच्या परंपरेत आहे, त्या मराठी वाचकांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. रमाबाईंची श्रद्धा वेगळी, उपास्य वेगळे. पण देव कामाच्या जागी भेटतो ही खूण ओळखीची आहे.

या सेवेतील सर्वांत दीर्घ काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. मराठीत बायबल त्यापूर्वीही होते. परंतु त्याची भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला जड जाते, असे रमाबाईंना वाटले. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सारा ग्रंथ नव्याने मराठीत आणण्यास घेतले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केले. कान मंदावले होते, शरीर थकले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या, तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला; संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागे, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या भाषांतराच्या साहित्यगुणांविषयी मतभेद होऊ शकतील. पण जिच्या जिभेवर संस्कृत खेळत होते, त्या पंडितेने पांडित्य जाणूनबुजून बाजूस ठेवावे आणि नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या बाईच्या सोयीने वाक्य लिहावे, याहून कठीण आज्ञापालन आम्हांस ठाऊक नाही. वाचकाची गरज हीच तेथे आज्ञा झाली होती.

या चित्राची दुसरी बाजू न मांडणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशा आश्वासनावर ते उघडले होते. रमाबाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे, आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. आपण कोणास बोलावीत नाही, पण येणाऱ्यास अडविणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठले. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतीने वागणाऱ्या पुरुषांनीही सदनाशी संबंध तोडला, आणि अनेक पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. त्या वेळच्या टीकेत विखार पुष्कळ होता. तरी तिच्यातील एक प्रश्न आजही टाळता येत नाही. ज्या मुलीचे अन्न, वस्त्र व निवारा एकाच व्यक्तीच्या हाती आहे, तिने त्या व्यक्तीच्या प्रार्थनेत सामील व्हावे, यात तिची स्वतःची इच्छा किती आणि आश्रयाचे ओझे किती? वाँटेजला नकाराचा हक्क बजावणाऱ्या रमाबाईंच्या छत्राखाली नकार देणे किती मुलींना शक्य झाले असेल? रमाबाईंचा हेतू निर्मळ होता, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हेतू निर्मळ असला म्हणजे अधिकाराचा भार हलका होतो असे नाही. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या व त्यांनी आपली स्वतंत्र वाट धरली, हे उदाहरण सदनाच्या बाजूने सांगता येईल; पण एका उदाहरणाने प्रश्न मिटत नाही, आणि तो मिटू नये हेच बरे.

आमच्या समजुतीप्रमाणे रमाबाईंच्या चरित्रातून निघणारा निष्कर्ष असा. ज्या आज्ञापालनात ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, ती ताबेदारी होय. आणि ज्या नकारापाठोपाठ एखादे काम अंगावर घेतले जात नाही, तो नुसता हट्ट होय. रमाबाईंनी बिशपांना नकार दिला, आणि पुढे गिरणी, घाणा, विहीर व मुद्रिते यांत सारे आयुष्य वेचले. त्यांचा नकार या कामामुळे खरा ठरला, आणि त्यांचे काम त्या नकारामुळे गुलामीचे झाले नाही. प्रार्थना ही या दोहोंच्या मधली जागा होती. कोणती आज्ञा वरून आलेली आणि कोणती केवळ वरिष्ठाकडून आलेली, हे तेथे बसून त्या निवडीत. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम करीत आहे.

अर्जांवर ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असे आजही लिहिले जाते, आणि ते खोडावे असे आम्हांस वाटत नाही. मात्र माफीपत्र मागण्याची वेळ आली म्हणजे आधी त्या मुलास समोर बसवून काय घडले ते विचारावे, आणि तो सांगत असता मध्ये बोलू नये, एवढा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला आहे. तो पाळणे वाटते तितके सोपे नाही.