होळकरांची मोटार आणि मूळ अवयवांचा प्रश्न

इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) हे वडील तुकोजीराव (तिसरे) यांनी १९२६ साली गादी सोडल्यावर संस्थानाचे अधिपती झाले. ऑक्सफर्डमधील शिक्षण आटोपून परतलेल्या या तरुण राजाने एकार्ट मुथेसियस नावाच्या तितक्याच तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून १९३० पासूनच्या तीनचार वर्षांत हा राजवाडा सजवून घेतला. ब्रांकुसी या शिल्पकाराचे ‘अवकाशातील पक्षी’ हे शिल्प त्यांनी एक नव्हे तर तीन रूपांत विकत घेतले, एक पांढऱ्या संगमरवराचे, एक काळ्या संगमरवराचे आणि एक धातूचे. कलेच्या इतिहासकारांना हे सारे ठाऊक आहे. याच राजाच्या मोटारखान्याकडे मात्र विद्वानांचे लक्ष क्वचितच जाते. मोटार म्हणजे श्रीमंतांचा छंद, त्यात इतिहास कसला, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. आमचे मत निराळे आहे, आणि ते मांडण्यास निमित्त झाले ते एका साध्या व्यावहारिक प्रश्नाचे.

इंदुरात जुन्या मोटारींची हौस अजून टिकून आहे. शहराजवळच पिथमपूर येथे जून २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणीचा वर्तुळाकार मार्ग सुरू झाला, तेव्हापासून वेगवान मोटारींचे वेड तरुणांत अधिकच बळावले आहे. कोणी गाडीचे इंजिन अधिक ताकदीचे करून घेतो, कोणी मोठा कार्ब्युरेटर बसवतो, कोणी धुराडे, चाके आणि स्प्रिंगा बदलतो. मग गॅरेजच्या कोपऱ्यात मूळ अवयवांचा ढीग पडतो आणि घरात वाद सुरू होतो. हे ठेवायचे कशाला? विकून टाकले तर नव्या खर्चाचा काही भाग तरी निघेल. असाच एक वाद सोडविण्यासाठी आमच्याकडे आला, आणि आम्हांस होळकरांच्या ड्यूझेनबर्गची आठवण झाली.

ड्यूझेनबर्ग ही अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील कंपनी. १९२८ च्या अखेरीस तिने ‘जे’ नावाची मोटार जगापुढे आणली. आठ सिलिंडरांचे, जवळजवळ सात लिटरांचे ते इंजिन २६५ अश्वशक्तीचे असल्याचे कंपनी सांगे. त्या काळी हा आकडा ऐकून लोक थक्क होत. पुढे त्याच इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजे दाबाने अधिक हवा आत भरणारा पंखा, बसवून ‘एसजे’ ही अधिक जोमदार मोटार निघाली. तिची शक्ती ३२० सांगितली जाई. १९३७ साली कंपनी बंद पडली तोवर ‘जे’ जातीच्या सुमारे ४८० मोटारी झाल्या. कारखान्यातूनच सुपरचार्जरसह बाहेर पडलेल्या त्यांतल्या छत्तीसच्या आसपास. त्यांपैकी एक यशवंतरावांची होती. १९३५-३६ च्या सुमारास तिचा सांगाडा आणि इंजिन लंडनला गेले, तेथे गर्नी नटिंग या प्रसिद्ध कारागिरांनी तिच्यावर लांबसडक, दोनच माणसांची उघडी बॉडी चढविली, नारिंगी व काळा असे दोन रंग दिले आणि मग ती राजाच्या सेवेत आली.

वाचकांनी येथे थोडा धीर धरावा, कारण पुढील तपशील यंत्राचा असला तरी सारा प्रश्न त्यातच आहे.

‘एसजे’चे बाह्य लक्षण म्हणजे बॉनेटच्या बाजूने बाहेर आलेल्या चकचकीत, लवचिक नळ्या. त्या इतक्या लोकप्रिय झाल्या की सुपरचार्जर नसलेल्या ‘जे’ मोटारींनाही लोक त्या लावून घेऊ लागले. पुढेपुढे अनेक मालकांनी खरोखरचा सुपरचार्जरही मागाहून बसवून घेतला. गाडी धावू लागली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ‘एसजे’ व तिच्यात फरक दिसेना. फरक होता तो आत. ‘जे’च्या इंजिनात दट्ट्याला फिरत्या धुरीशी जोडणारे दांडे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असत. सुपरचार्जरचा वाढीव ताण त्यांना सोसणार नाही म्हणून ‘एसजे’त कारखान्याने नळीसारखे पोलादी दांडे घातले आणि झडपांच्या स्प्रिंगाही अधिक कडक केल्या. याशिवाय सांगाड्यावर एक क्रमांक, इंजिनावर ‘जे’ अक्षरासह दुसरा, अशी प्रत्येक मोटारीची जन्मपत्रिका तिच्या अंगावरच कोरलेली असे. आज या मोटारींचा इतिहास लिहिणारे अभ्यासक पहिली चौकशी करतात ती याच गोष्टींची. कोणते इंजिन कोणत्या सांगाड्यातले? सुपरचार्जर जन्मजात की दत्तक? काढलेले दांडे कोठे गेले? ज्या मालकाने शक्ती वाढविताना मूळ अवयव पेटीत घालून गाडीबरोबर ठेवले, त्याच्या मोटारीची कथा सलग वाचता येते. ज्याने ते विकले, त्याच्या मोटारीची दोनचार पाने कायमची फाटलेली असतात.

याचा अर्थ शक्ती वाढविणे हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. ‘एसजे’ हीसुद्धा ‘जे’ची सुधारलेली आवृत्तीच होती. मोटारीचा सारा इतिहासच मुळी फेरफारांचा आहे. फेरफार झाल्यानंतर उरलेल्या वस्तूचे आपण काय करतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर फार काळ परिस्थितीनेच दिले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि राजेरजवाड्यांच्या तहानलेल्या मोटारी तबेल्यात उभ्या राहिल्या. १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात. १९६१ मध्ये यशवंतराव निवर्तले आणि १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने तनखेही गेले. दरम्यान परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने आली. अमेरिकेतल्या किंवा फ्रान्समधल्या बंद पडलेल्या कारखान्याचा एखादा भाग मोडला तर तो आणायचा कोठून? अशा वेळी आपल्या मिस्त्रींनी जे केले त्याला तोड नाही. जीपचा डायनॅमो, अँबॅसडरचा कार्ब्युरेटर, कोठल्या ट्रकचे डिझेल इंजिन, जे हाती येईल ते बसवून त्यांनी या मोटारी चालत्या ठेवल्या. लग्नाच्या वरातीत त्या फिरल्या, म्हणून तर भंगारात गेल्या नाहीत. त्या मिस्त्रींना नावे ठेवणाऱ्या आजच्या सुखवस्तू संग्राहकांशी आमचे पटत नाही. हळहळ वाटते ती एवढ्याचीच, की काढलेला मूळ भाग पुष्कळदा वजनावर गेला. पितळ पितळाच्या भावाने, ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमच्या. त्यावरचा क्रमांक वाचणारा माणूस तराजूपाशी नव्हता.

या मासिकाच्या वाचकांना, विशेषतः गोमंतकातील देवस्थानांशी ज्यांचे कुळ जोडलेले आहे त्यांना, हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. देवळाचा जीर्णोद्धार करताना जुने काय ठेवावे आणि कशाचा त्याग करावा याचा विचार आपल्या शास्त्राने फार पूर्वी केला आहे. जीर्ण मूर्तीतील चैतन्य विधिपूर्वक कलशात घेतले जाते, मगच त्या मूर्तीचे विसर्जन होते. ती कोणी बाजारात नेत नाही. पुरीच्या जगन्नाथाचे रथ दरवर्षी नव्या लाकडाचे होतात, आणि जुन्या रथांची चाके व इतर भाग भाविकांना विकलेही जातात. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही, कारण रथ नित्य नवा असणे हीच तेथील परंपरा. परंतु त्याच क्षेत्री नवकलेवराच्या वेळी जुन्या मूर्तींतला ब्रह्मपदार्थ गुप्तपणे नव्या मूर्तींत जातो आणि जुने विग्रह आवारातच भूमीत ठेवले जातात. एकाच देवळात विक्रीही आहे आणि जतनही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलाखालून मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास हलविले तेव्हा भक्तांनी देऊळ उचलून नेले नाही, देव नेला. कशात वस्तूचे ‘तेच’पण आहे हे ओळखणे, यालाच विवेक म्हणायचे.

मोटारीच्या बाबतीत हा विवेक करणे त्या मानाने सोपे आहे. टायर, रबरी नळ्या, पट्टे, ब्रेकचे अस्तर, बॅटरी ही रथाची लाकडे समजावीत. ती झिजण्यासाठीच असतात. खुशाल विकावीत अथवा टाकावीत. ज्यांवर कारखान्याचा क्रमांक किंवा ठसा आहे ते इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, मूळ दिवे, घड्याळे आणि चाके यांचा विचार वेगळा. ते विकूच नयेत असा आमचा आग्रह नाही, कारण प्रत्येकाच्या घरात वखार नसते आणि प्रत्येकाची ऐपत सारखी नसते. पण विकायचे तर ते त्याच जातीची दुसरी मोटार उभी करणाऱ्याला विकावेत, क्रमांकाची नोंद आणि छायाचित्र आपल्याकडे ठेवून विकावेत. भंगारवाल्याच्या काट्यावर ते चढवू नयेत. अशा एका सुट्या अवयवावाचून दुसऱ्या कोणाची मोटार वर्षानुवर्षे अडून राहिलेली असते. त्या दृष्टीने योग्य हाती केलेली विक्री हेही जतनच आहे. स्वतःची मोटार मात्र विकायची झाली, तर मूळ भागांची पेटी तिच्याबरोबरच गेली पाहिजे. मोटार एकाला आणि पेटी दुसऱ्याला, हा व्यवहार दोन पैसे अधिक देतो खरा. तोच आम्हांस सर्वांत वाईट वाटतो.

जगभरच्या जुन्या मोटारींच्या संघांनी २०१२ साली तुरीनच्या नावाने ओळखली जाणारी एक सनद संमत केली. फेरफार शक्यतो असे असावेत की ते पुन्हा काढून घेता येतील, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबरच राखावेत, असे तीत सांगितले आहे. आपल्या सरकारनेही जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. अट मात्र अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, तिची चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तेव्हा ज्याने मूळ इंजिन ठेवले आहे तो परत फिरू शकतो. ज्याने विकले त्याला परतीचा रस्ता नाही. १९५० पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आले तेही त्यांच्या सुट्या भागांसह आले. शहाण्या माणसाने हा नियम केला असावा, कारण मोटार अखंड जात नसेल तर ती तुकड्यातुकड्यांनी जाते हे त्याला ठाऊक होते.

इंदूरपुरते बोलायचे तर उशीर झाला होता. ड्यूझेनबर्ग अमेरिकेला परत गेली. ब्रांकुसीचे दोन संगमरवरी पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले. माणिकबागेतील खुर्च्या, दिवे आणि पलंग १९८० साली मोंटे कार्लो येथे लिलावात निघाले आणि जगभर पांगले. राजवाड्यात केंद्रीय उत्पादनशुल्क खात्याची कचेरी आली. २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयात या राजाच्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा पांगलेल्या वस्तू काही महिन्यांसाठी एकत्र आल्या. घर येथे, सामान तेथे.

राजाची गोष्ट झाली. आमच्या घरची गोष्ट लहान आहे. आमच्या मामांची एक फियाट अकराशे होती. आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूरचा घाट दमदारपणे चढता यावा म्हणून त्यांनी एका मिस्त्रीकडून मोठा कार्ब्युरेटर बसवून घेतला आणि मूळचा पेट्रोलने धुऊन, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, लाकडी पेटीत जिन्याखाली ठेवला. मामा वारल्यानंतरच्या दिवाळीत घर झाडताना ती पेटी उघडली गेली. आतले ‘लोखंड’ दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिले. त्या दिवशी आम्हीही घरातच होतो, आणि आम्हीही काही बोललो नाही. दोन वर्षांनी गाडी बघायला आलेल्या गृहस्थांनी बॉनेट उघडून पहिलाच प्रश्न केला तो मूळ कार्ब्युरेटरचा. मामी म्हणाल्या, “असेल कुठेतरी,” आणि जिन्याखाली शोधू लागल्या. पेटीचे झाकण तेवढे निघाले. धान्याच्या पिंपावर ते कित्येक दिवस होते. त्याच्या आतल्या बाजूस मामांच्या अक्षरात लिहिले होते : फियाट, मूळचा, चालू स्थितीत, गाडीबरोबर देणे.